मागच्या सीटखालचं इंजिन

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोमाटण्याच्या चौकात होते. गाडी कडेला घेतली.

दत्ताभाऊ मावळातल्या शेतकरी घरातले. आयटीआय करून कारखान्यात लागले आणि स्वतःच शिकत शिकत शहरात चालवायच्या छोट्या गाड्यांचे सांगाडे आखू लागले. मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा नुकतीच इंजिनिअर झाले होते. पहिल्या दिवशी त्यांना ‘सर’ म्हटलं, तर म्हणाले, “सर हितं लय हायेत. तू भाऊ म्हण.”

त्यांच्या डोक्यात एकच गाडी होती. तिचं इंजिन पुढे बॉनेटखाली नव्हतं, मागच्या चाकांच्या जरा अलीकडे, मागच्या सीटखाली होतं. त्यामुळे गाडीचं नाक आखूड झालं, पुढची चाकं जास्त वळू लागली. पहिली नमुना गाडी उभी राहायला पाच वर्षं गेली. वडगावच्या बाजारातल्या अरुंद गल्लीत भाऊंनी ती एका दमात फिरवून दाखवली, तेव्हा भाजीवाल्या मावश्याही उठून बघायला आल्या होत्या.

चाचण्यांचा अहवाल वरिष्ठांकडे जायच्या आठवड्यात भाऊंनी परवानगी काढून थोरल्या बहिणीला, आक्कांना, त्या गाडीत मागे बसवलं. आक्कांची लोहगडवाडीत पिठलं-भाकरीची टपरी. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना मी इंजिनचं तापमान लिहून घेत होते. लोणावळा जवळ आलं तशा आक्का म्हणाल्या, “दत्ता, चुलीवर बशीवलंस व्हय रं मला?”

भाऊ हसले, पण लगेच गाडी थांबवली. उतरून मागच्या सीटवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी विनवलं, “भाऊ, आकडे मर्यादेत आहेत. उष्णतेचं नंतर सुधारू. आत्ता लिहिलंत तर सगळंच बंद करतील.”

“आकडं बसत न्हाईत गं सीटवर,” ते म्हणाले. “माणसं बसत्यात.”

त्यांनी लिहिलं. महिन्याभरात काम बंद झालं. मी रागाने दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्यासमोर बसले, वांग्याची भाजी माझ्या झाकणात वाढली आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीचा नकाशा उघडला. निवृत्तीपर्यंत ते दुसऱ्यांच्याच गाड्या नीट करत राहिले. कधी कुरकुरले नाहीत.

गेल्या रविवारी मी लोहगडवाडीला गेले. टपरीच्या आतल्या पत्र्यावर भाऊंनी ऑइलपेंटने काढलेली ती गाडी आहे, बोटभर नाकाची. धुराने काळवंडू नये म्हणून आक्का ती रोज ओल्या फडक्याने पुसतात. माझ्या हातात चहा देऊन त्या चित्राकडे बघत राहिल्या.

“ही गाडी कदी निघालीच न्हाई. दत्ता म्हनायचा, इंजिन लहान पडलं. तसंच व्हतं का गं?”

त्यांच्या त्या चुलीच्या बोलण्यावरून काम थांबलं, हे इतक्या वर्षांत भाऊंनी त्यांना कळूच दिलं नव्हतं… मी कप खाली ठेवला.

“व्हय आक्का,” मी म्हटलं. “इंजिनच लहान पडलं.”