त्याने पोचवलेली तक्रार

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बडोद्यात कुरियर नवीन होतं तेव्हा आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, येणारा कुरियरवाला पार्सल कधी जमिनीवर ठेवत नसे; पूर्ण नाव मोठ्याने वाचून मगच हातात देई. पुण्याला मुलीसाठी त्याच्याकडे दिलेली साडी पोचली नाही, म्हणून मी त्याच्या साहेबाला पत्र लिहिलं आणि रागाने त्याच्याच हातात ठेवलं.

"यात तुझीच तक्रार आहे."

"असू दे ने, काका. माझ्या हाती आलं म्हणजे पोचणारच," तो ताठ मानेने म्हणाला.

पत्र पोचलं आणि त्याची नोकरी गेली. आठवड्याने साडी परत आली; मीच मुलीच्या जुन्या घराचा पत्ता लिहिला होता. अशा माणसाशी ओळख होती, याचा मला आजही अभिमान वाटतो. लहरीपुऱ्यातल्या त्याच्या घरापर्यंत मी दोनदा गेलो. "चूक माझी होती, बाबा," एवढंच म्हणायचं होतं. दार वाजवलं नाही.