सावंतकाकींचा मे महिना

मे महिन्यात अंगावर घामोळं उठतं ना, तसे आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत किस्से उठायचे. एक खाजवला की शेजारी दुसरा! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवीन लग्न होऊन आलेली, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या बरोब्बर खाली सावंतकाकी. मूळच्या देवगडकडच्या, आवाज असा की लाऊडस्पीकरने लाजावं. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हापासून घरी. घर चालायचं ते मुलीच्या, लताच्या पगारावर. आणि काकींना एकच घोर, की ह्या मे महिन्यात तरी लताचं जमू दे.

तर पाणी. उन्हाळ्यात नळ यायचा पहाटे पाचला, जायचा सहाला. काकींचा पाण्यावर भरवसा शून्य. हंडे, कळश्या, बादल्या तर भरायच्याच, पण पातेली, परात, डबे, कुकर, झारा सोडून सगळं भरून ठेवायच्या. एकदा अकरा वाजता जिना चढून दारात उभ्या.

"सुमन, एक पातेला दी गो. भात लावूचो कशात? सगळ्यांत पाणी असा!"

"मग एक ओता ना काकी."

"ओता? पाणी?" काकींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी नवऱ्यालाच ओतायला सांगितलं!

मी आत गेले आणि डोक्यावर हात मारला. काकींचं बघून बघून माझीही सगळी पातेली काठोकाठ भरलेली. त्या दिवशी दोन्ही घरांनी नाक्यावरचे वडापाव खाल्ले. पाणी मात्र पोटभर प्यायलो.

मग गच्ची. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिकसाहेब म्हणजे नोटीस काढायला जन्मलेला माणूस. खाली फळ्यावर लावली नोटीस: "गच्चीवर वाळवण घालू नये. आढळल्यास जप्त करण्यात येईल." बायकांची वाट लागली! पापड लाटून तयार, कुरडयांचा चीक शिजलेला, आता काय डोक्यावर वाळवायचं?

काकी म्हणाल्या, "चला गो वर, बघूया कोण जप्त करता ता."

आम्ही सात-आठ जणी साड्या, परड्या, ताटं घेऊन मोर्चा काढल्यासारख्या वर गेलो. तर गच्चीच्या मधोमध, सगळ्यात चांगल्या उन्हाच्या जागेवर, भलीमोठी चटई. चटईवर लालभडक मिरच्या. आणि कोपऱ्यात विटेखाली चिठ्ठी, कर्णिकबाईंच्या वळणदार अक्षरात: "कर्णिक यांच्या मिरच्या. हात लावू नये."

संध्याकाळी फळ्यावरची नोटीस गायब. बाई आणि साहेबांमध्ये काय झालं ते कळलं नाही, पण साहेब दोन दिवस जिन्यात मान खाली घालून चालत होते!

आंब्यांचं तर विचारूच नका. गावाहून पेट्या आल्या की काकी खाटेखाली गवत पसरून अढी घालायच्या. खाटेवर काका. काकांना डायबेटिस, आंबा बंद. त्यामुळे काकींचा हिशेब सरळ, की राखण करायला ह्याच्याहून भरवशाचा माणूस कुठला?

आठव्या दिवशी अढी उघडली. वरचे आंबे झकास. खालच्या थरात हात घातला तर निघाल्या नुसत्या कोयी! चाटूनपुसून साफ केलेल्या, पुन्हा सालीत गुंडाळून, गवतात नीट मांडून ठेवलेल्या.

"उंदीर असतील," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"उंदीर? साल सोलून आंबो खाता, आणि परत गुंडाळून ठेवता?"

काका म्हणाले, "मुंबईचे उंदीर. वळण असतं त्यांना."

आता लताचं सांगते. लता साकीनाक्याला पंख्यांचे रेग्युलेटर जोडायच्या कारखान्यात होती. हात असा, की अख्ख्या बिल्डिंगीचे पंखे तीच बघायची. काकींना मात्र त्याची लाज. पोरीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला तर कोण पसंत करणार? मुलुंडचं स्थळ यायचं ठरलं, मुलगा बँकेत. तर सकाळीच काकींनी लताच्या हत्यारांची पिशवी माझ्या घरी आणून टाकली. "पावण्यांच्या डोळ्यार पडाक नको. आणि कोणी विचारलाच, तर 'कंपनीत असा' इतकाच म्हण."

पाहुणे आले भर दुपारी तीनला. बाहेर नुसती आग. मुलगा, त्याचे वडील टेरिलीनच्या बंद गळ्याच्या कोटात, आणि आई. लता पोह्यांच्या बश्या देऊन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. रेग्युलेटर तिथेच भिंतीवर, तिच्या खांद्यामागे. नाव झालं, शिक्षण झालं, काकांच्या बंद पडलेल्या गिरणीचंही बोलणं झालं. मग मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी सोडेल ना? आमच्यात सुना बाहेर जात नाहीत."

 काकांनी मान खाली घातली. मला गलबलून आलं हो! हो म्हणावं तर घरातली चूल बंद, नाही म्हणावं तर चालून आलेलं स्थळ हातचं जातंय. काकींनी तोंड उघडलं, "तसा काय..."

आणि पंखा बंद पडला.

दोन मिनिटांत सगळे घामाने चिंब. वडिलांनी बंद गळ्याची बटणं सोडली. आई पदराने वारा घेतेय, बशीने वारा घेतेय. "अहो, वायरमनला तरी बोलवा!"

"आयतवारी वायरमन खंय गावतलो?" काकी रडकुंडीला आल्या, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, आण गो ती पिशवी!"

मी धावत वर गेले, धापा टाकत पिशवी घेऊन खाली आले. लता रेग्युलेटरसमोर उभी. पंख्याचं बटण आधीच बंद केलेलं. "राहू दे वहिनी," ती म्हणाली, आणि भरजरी साडीच्या निऱ्यांशेजारी खोचलेला स्क्रूड्रायव्हर काढला!

झाकण काढलं, एक वायर आवळली, झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा भरारा फिरायला लागला. मुलाची आई खुर्ची ओढून थेट त्याच्या खाली, डोळे मिटून बसली.

"असलं माणूस घरी बसवायचं?" वडील म्हणाले. "काहीतरीच काय!"

मुलगा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला. "नोकरी सोडायची नाही. आणि पगार इथेच देत जा, आईबाबांना." आईने डोळे न उघडताच मान डोलावली. काकी पदराने डोळे पुसायला लागल्या, काकांनी चष्मा काढला.

मी स्वयंपाकघरात गेले. लता कोकम सरबताचे ग्लास भरत होती.

"काय गं, सकाळी तर तूच पंखा चालवून बघितलास ना? मस्त चालत होता की! मग मध्येच झालं काय?"

लताने एक थेंब न सांडता शेवटचा ग्लास भरला.

"मे महिना आहे ना वहिनी," ती म्हणाली. "होतं असं."