खुर्शीदबीचा ताईत

जिवनमावशी, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी लिहिते. लोक तुझ्याबद्दल जे गोड गोड बोलतात, ते मला ऐकवत नाही.

निजामाच्या राज्यात कनेरगाव नाक्यावर बायकांची झडती घ्यायला तुला ठेवलं होतं. नवरा गेल्यावर तेवढाच आधार. पलीकडे वाशीम, म्हणजे हिंदुस्थान. गोणपाटाच्या आडोशामागं एकेकीला घ्यायचीस. शिपाई नुसता डोकावला तरी ओरडायचीस, "मुडद्या, घरी आई न्हाई का तुला?" चोळी चाचपायचीस, अंबाडा सोडायला लावायचीस. पण लेकराच्या दंडावरचा ताईत कधी उघडला नाहीस. उघडला की त्याचा गुण जातो, हे आपल्याकडं हिंदू-मुसलमान सगळेच मानत.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी आई धाकट्याला कडेवर घेऊन तुझ्यापुढं उभी राहिली. मी दहा वर्षांची, तिचा पदर धरून. धाकट्याच्या ताइतात सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीसाठी चिठ्ठी होती. सापडली असती तर आई तुरुंगात. तुझी बोटं ताइतावर थांबली. तू आईकडं पाहिलंस.

"लेकरू गोड हाय. जा."

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. नाका तोच, गोणपाट तेच, तूही तीच. बाहेरचा साहेब तेवढा नवा. रझाकार कागद, हत्यारं लपवून पळताहेत, कुणालाही तपासल्याशिवाय सोडू नका, असा हुकूम. ती भीती खोटी नव्हती. पुढं कॉलेजात कायदा शिकताना झडतीच्या अधिकारावर मी तावातावानं भांडले, पण हे तेव्हाही मान्य करत होते.

त्या दिवशी आम्ही वाशीमहून परतत होतो. रांगेत आमच्या पुढं खुर्शीदबी, कल्हईवाल्या इब्राहीमची बायको. नवऱ्याला आठ दिवसांपूर्वी धरून नेलेलं. गुन्हा काय ते कुणी सांगेना. वाशीमला त्याची चौकशी करून ती वसमतला माहेरी चालली होती, खांद्यावर तापानं फणफणलेलं पोरगं. तू तिला चांगली ओळखत होतीस. तुझी भांडी तिच्याच घरी जायची कल्हईला.

"ताईत दाव," तू म्हणालीस.

"जिवनबाई, नक्को खोलो. बच्चे को बुखार है."

"हुकूम हाय."

"हुकूम तो पहले भी था!"

बाहेरून साहेब खेकसला, "बाई, किती वेळ?"

तू नखानं मेण उकरलंस. आत घडी घातलेला कागद, त्यावर चार ओळींची दुआ. बस्स. तू ताईत पुढं केलास, तर तिनं हात मागं घेतला.

"खुला हुआ मेरे किस काम का?"

पोराला छातीशी घट्ट धरून ती चालू लागली.

मग आमची पाळी. धाकट्याच्या दंडाला तोच ताईत. तू हातसुद्धा लावला नाहीस. मीच विचारलं, "मावशी, आमचा काहून न्हाई?"

"तुमच्यात चिठ्ठी व्हती ते मला ठाव व्हतं, पोरी," तू कुजबुजलीस. "ताइतात काय बी दडवता येतं. म्हणूनशान तिचा उघडला."

आईनं माझा दंड असा ओढला की वळ उठला.

दिवाळीनंतर आम्ही मामाकडं वसमतला निघालो, तेव्हा तू घरी आलीस. दर्ग्यावर जाऊन खुर्शीदबीचा ताईत पुन्हा मेणानं बंद करून आणला होतास. आईच्या हातात दिला नाहीस, माझ्या दिलास.

"बराबर खुर्शीदबीच्याच हातात दे. अन् लेकराचा ताप उतरला का, तेवढं इचारून ये."

वसमतला आम्ही पाच दिवस होतो. मामाच्या गच्चीवरून तिच्या माहेरचा मोहल्ला दिसायचा. "तिकडं पाऊल टाकायचं न्हाई," आई म्हणाली. आईचं नाव पुढं करायला बरं आहे. खरं म्हणजे त्या लेकराचं काय झालं, हे विचारायला मीच भ्याले.

परतल्यावर तू नाक्यावर आमची बैलगाडी थांबवलीस.

"दिला?"

"दिला."

"अन् लेकरू?"

"बरं हाय," मी म्हटलं. ताईत माझ्या मुठीत होता.