पडून राहिलेला दर्यावर्दी

टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. रामदासपेठेतल्या चहाटपरीवर तो रोज भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मेहुण्याच्या लग्नाला मालवणला गेला असताना तो एकदाच, भर वाऱ्यात, छोट्या होडीतून मासे धरायला गेला होता. तेवढ्या भांडवलावर त्यानं अंबाझरी तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या आम्हा मंडळींना वर्षभर समुद्र पाजला.

टपरीचं बाकडं म्हणजे होडी. खांद्यावरचा दुपट्टा म्हणजे जाळं. लाट आली की तो ग्लासातलं पाणी आमच्या तोंडावर शिंपडायचा आणि स्वतःच्या मिशा चाटून विचारायचा, "खारं लागते ना गा?" आम्ही मुकाट माना हलवायचो.

"असा वारा सुटला का होडी आडवी होऊन राहिली होती! मी बोंबललो, धर मले भाऊ, मी पडून राहिलो!"

आमच्याकडे याचा अर्थ 'मी पडतोय'. मालवणी नावाड्याला ते काय ठाऊक! त्याला वाटलं, पाहुणा शहाण्यासारखा आडवा झालाय. जाळं ओढता ओढता तो म्हणाला, "शाब्बास! पडूनच राहा!"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, पडलो ना पाण्यात!" असं म्हणत तो ताडकन उठला. बाकड्याचं त्याच्याकडचं टोक वर गेलं आणि माझ्याकडचं खाली.

"अहो, धरा, मी पडून राहिलो!" मी चहासकट ओरडलो.

त्यानं शांतपणे दुपट्टा झटकला.

"शाब्बास! पडूनच राहा!"