आधी स्वप्न, मग पोहे

"आधी सपन, मग पव्हे."

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये सकाळी ताट पुढे केलं की मावशी पोह्यांचा झारा हवेतच धरायची. रात्री काय स्वप्न पडलं ते सांगितल्याशिवाय तो खाली यायचा नाही. मागे दहा पोरी खोळंबलेल्या, आठचं लेक्चर डोक्यावर, पण मावशीला कसली घाई नसे. परभणीला शिकायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आठवडाभरात मी स्वप्नं पडली नाहीत तर बनवून सांगायला लागले.

तुम्ही कधी मेसमध्ये जेवला असाल तर तुम्हाला ठाऊकच असेल, तिथं भाजीत मीठ आहे का एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. मावशीकडे मात्र प्रत्येक स्वप्नाचा अर्थ तयार असायचा. विहीर दिसली तर पास. म्हैस अंगावर आली तर पाहुणे येणार. दात पडला तर, "कुणाला सांगू नको. चल, फुडं हो." परीक्षा जवळ आली की सगळ्यांना एकच स्वप्न पडे. हॉल सापडत नाही, आणि सापडला तर पेन चालत नाही. तेव्हा ती वैतागायची.

"काय गं तुमी! सपनं बी मेली झेरॉक्स काढल्यावानी."

स्वतःचं स्वप्न तिनं कधी सांगितलं नाही. "मला पडतच न्हाईत माय. आडवं झालं की डोळा लागतोय," असं म्हणून ती पुढच्या पोरीकडे वळायची.

तिच्या उजव्या मनगटाच्या वर उलथन्याच्या आकाराचा जुना डाग होता. एकदा मी सहज विचारलं, तेल उडालं होतं का.

"तेल कामून उडंल? मालकानं दिलाय," ती म्हणाली आणि वरणाची वाटी पुढे केली. "मीठ बघ."

मीठ कसं होतं ते मला आज आठवत नाही. मालक म्हणजे तिचा नवरा, आणि चारठाण्याकडचं सासर सोडून तिला एकोणीस वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. दोन-तीन महिन्यांनी तिचा दीर जिंतूरच्या गाडीनं यायचा, मेसच्या पायरीवर बसायचा आणि "वैनी, चला आता" म्हणायचा. मावशी त्याला चहा द्यायची, पोहे द्यायची आणि वाटेला लावायची. त्याला मात्र ती स्वप्न विचारत नसे.

आता माझा पराक्रम ऐका. मी बीएला मराठी घेतलेली, आणि मागच्या सेमिस्टरला माझा कादंबरीचाच पेपर राहिला होता. अभ्यासक्रमातली ती कादंबरी चारशे पानांची. मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून तालुक्याच्या गावी शिलाई मशीन टाकणाऱ्या एका बाईची गोष्ट. नशीब असं की नेमकी त्याच कादंबरीवरची मालिका रोज संध्याकाळी साडेसातला लागायला लागली. मग चारशे पानं कोण वाचतंय? आम्ही सगळ्या मेसच्या टीव्हीपुढे वह्या घेऊन बसायचो आणि मालिकेच्या नोट्स काढायचो. जाहिराती लागल्या की प्रश्नोत्तरं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी राहायची. ये, बस म्हटलं तरी बसायची नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मालिका संपली. नवरा रडला, त्यानं माफी मागितली, उंबऱ्यावर ओवाळणी झाली आणि बाई नवऱ्याच्या घरी परत गेली. पोरींनी डोळे पुसले. पाथरीची माझी रूममेट वहीत लिहीत होती, 'शेवट: समेट'. तेवढ्यात मावशी तरातरा आली आणि पिठाच्या हातानं तिनं टीव्ही बंद केला.

"गलत हाय. ती वापस गेली न्हाई."

"मावशी, आत्ताच तर गेली!"

"टीव्हीतली गेली. पुस्तकातली न्हाई गेली."

मावशी आत गेली आणि तांदळाच्या डब्यामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आली. ग्रंथालयातली ती एकुलती एक प्रत, माझ्या नावावरची, महिनाभर हरवलेली. त्यापायी मी रूममेटशी भांडून दोन दिवस अबोला धरला होता! पुस्तक उघडलं तर पानापानाच्या कोपऱ्यावर हळदीची बोटं.

"तू वाचलंय हे?" मी पानं उलटत विचारलं.

"सातवीपातुर शाळा झाली की माझी. वरण शिजस्तोवर चार पानं व्हत्यात."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मराठीच्या विद्यार्थिनी आम्ही, आणि कादंबरी वाचली होती ती आम्हाला वरण वाढणाऱ्या बाईनं.

मी तरीही ती पूर्ण वाचली नाही, हेही सांगून टाकते. निम्म्यावर अडकले. पेपरच्या दिवशी सकाळी मावशीनं मला पिठाच्या डब्यावर बसवलं आणि शेवटचं प्रकरण ओळीखाली बोट फिरवत, हळूहळू मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा न्यायला येतो, बाई त्याला पाणी देते, तो निघून गेला की दार लावून घेते आणि मशीनवर बसते. मावशीनं पुस्तक मिटलं. "बघ. दार लावलं तिनं. असंच लिही." मग तिनं मला पोहे वाढले. त्या सकाळी तिनं मला स्वप्न विचारलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पेपरात शेवटचा प्रश्न तोच. कादंबरीच्या शेवटाची चर्चा करा. मी तीन पानं भरली. रूममेट ओवाळणीच्या ताटाचं वर्णन करून आली.

मी पळतच हॉस्टेलवर आले, मावशीला सांगायला. रेक्टर मॅडम मेसच्या दारात उभ्या होत्या.

"गेली ती. नवऱ्याला लकवा मारलाय, काल संध्याकाळीच फोन आला होता. दीर आला, त्याच्याबरोबर स्वतःच्या पायांनी गेली."

काल संध्याकाळी. म्हणजे सकाळी ते प्रकरण मला वाचून दाखवताना तिला माहीत होतं. आत कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली होती. मी पायरीवर बसले, जिथं तिचा दीर बसायचा तिथंच, आणि मला रडूही येईना. राग येत होता. एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

चौथ्या दिवशी तिनं फोन उचलला.

"मावशी, कामून गेलीस? पुस्तकातली तर गेली न्हवती ना?"

पलीकडे कुणीतरी कण्हत होतं.

"पुस्तक तिथं संपलंय माय," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यानं हात थांबवला म्हणून ती ऱ्हायली. अजून चार पानं असती तर तिनं काय केलं असतं, तुला ठावं हाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्येचा हात उचलंना आता. मीच भरवायलेय." मग तिनंच विचारलं, "पेपर कसा गेला?"

"चांगला."

"मग झालं." फोन बंद झाला. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

मी पास झाले. त्या प्रश्नाला मला चांगले गुण पडले असणार. पण मावशी का गेली, हे आजही मला कुणी विचारलं तर मी कोरा पेपर देईन.

नवीन सेमिस्टरच्या पहिल्या सकाळी मेसला नव्या बाई होत्या. मी ताट पुढे केलं. त्यांनी लगेच पोहे वाढले. मी तशीच उभी राहिले.

"काय पायजे?"

"रात्री मला स्वप्न पडलं," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "लिंबू देऊ का?"