वैनीचं तोंड आणि कोणाची तरी कंबर

सव्वीस वर्षं मी बायकांचे ब्लाऊज शिवते आहे. बाईचं अंग कसं असतं हे मला कोणी शिकवायला येऊ नये. आमच्या किनाऱ्यावर डोक्यावरून टोपली वाहणाऱ्या बायकांची मान आखूड होते. मागचा गळा नेहमीसारखा कापला तर तो वर चढतो. ज्या बसून मासे कापतात त्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा इंचभर जाड भरतो, म्हणून त्यांच्या दोन बाह्या मी दोन मापांनी कापते. आणि बहुतेकींचा एक खांदा उतरलेला असतो. माझ्या थोरल्या जावेचा, म्हणजे वैनीचा, डावा खांदा सव्वा इंच खाली आहे. पस्तीस वर्षं ती मालवणच्या बाजारात मासे विकायला बसते. त्याआधीची दहाएक वर्षं टोपली घेऊन दारोदार फिरली. तिच्या ब्लाऊजला मी त्या खांद्यावर एक चुणी जास्त घालते, नाहीतर तो घसरतो.

आमच्या गावच्या जेटीचं सुशोभीकरण निघालं तेव्हा फरसबंदी आणि बाकांबरोबर मासेवालीचा पुतळा उभारायचं सरपंचांच्या समितीनं ठरवलं. पुतळा करणारा कुडाळचा, चाळिशीच्या आतला, शिकलेला. बाजारात दोन दिवस फिरला आणि वैनीसमोर येऊन थांबला. म्हणाला, "काकी, तुमचा चेहरा मला हवाय."

वैनी म्हणाली, "घेवन जा, पण बांगडेय घेवचे लागतले."

चार दिवस ती आमच्या पडवीत त्याच्यासमोर बसली. पहिल्या दिवशी त्यानं भाड्यानं आणलेलं एक चकचकीत आखूड लुगडं काढलं, काठाला जर लावलेलं. वैनीनं ते बोटांच्या चिमटीत धरून मला दाखवलं. "ह्या गॅदरिंगमधला गो. ह्या नेसान मी बाजारात गेलंय तर मांजरांपण म्हावऱ्याक येवची नाय." मग तिनं आपलं रोजचं पाचवारी नेसलं, पदर कमरेला खोचला आणि विळीवर बसतात तशी पाटावर बसली. पोट दिसत होतं, पोटऱ्या दिसत होत्या. तिला त्याचं काही नव्हतं. कामाला बसलेल्या बाईचं अंग जेवढं उघडं असतं तेवढं ते होतं.

शेवटच्या दिवशी त्यानं मातीत केलेलं नुसतं डोकं आम्हाला दाखवलं. खोटं बोलणार नाही, काम अस्सल होतं. वैनीच्या गालावरचा तीळ, उन्हानं बारीक झालेले डोळे, भाव सांगताना ती खालचा ओठ पुढे काढते तोसुद्धा. वैनीनं त्या तिळावर बोट टेकवून बघितलं. मग म्हणाली, "जेटीवरच्या कोनशिलेर सगळे बापयेच. आता एक बायल थय उभी रवतली."

त्यानंतर दोन महिने तिनं गिऱ्हाइकाला मासे बांधून देताना हेच सांगितलं. सणवार नसताना माझ्याकडून नवा ब्लाऊज शिवून घेतला, अनावरणाला घालायला.

त्या दिवशी पुतळ्यावरचं प्लॅस्टिक ओढलं तेव्हा आधी टाळ्या पडल्या आणि मग मध्येच थांबल्या. मागून एक शिट्टी आली. वर वैनीचं तोंड होतं, तिळासकट. आणि त्या तोंडाखाली वीस वर्षांच्या नटीचं अंग. छाती पुढे, कंबर मुठीत मावेल एवढी, ती एका बाजूला मोडलेली. तेच गॅदरिंगचं लुगडं, ओलं होऊन मांड्यांना चिकटल्यासारखं. ब्लाऊज नाहीच, नुसता छातीवरून गेलेला पदर. टोपली डोक्यावर नव्हती, कमरेवर टेकवलेली, चित्रातल्या पाण्याला निघालेल्या पोरीसारखी. दोन्ही खांदे एका रेषेत.

वैनी नवा ब्लाऊज घालून पहिल्या रांगेत उभी होती. आमच्या वाडीतला एक जण मागून ओरडला, "वैनी, ह्यो खंयच्या सालातलो फोटो दिलंस गो?" सगळे हसले. बायकाही हसल्या. वैनीही हसली, पण तिचा हात माझ्या दंडावर होता आणि तो कसा आवळला गेला ते मला कळत होतं.

पुढचा महिना मी तिच्याकडे बघत काढला. जेटीवर पर्यटक येत, पुतळ्याच्या कमरेत हात घालून फोटो काढत. काहींचे हात आणखी वर जात. तेच लोक नंतर बाजारात मासे बघायला येत आणि वैनीला ओळखत. "अरे, ह्याच त्या!" मग एकमेकांकडे बघत. एकानं तर तिच्या तोंडावर म्हटलं, "मावशी, काय होतात आणि काय झालात!" वैनीच्या जिभेला धार आहे. असल्या माणसाला तिनं एरवी खवलं काढावीत तसं सोललं असतं. त्या दिवशी तिनं नुसतं माशांवर फडकं ओढलं. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडे पाठ करून बसली. आठवड्यानं बसेनाशीच झाली. मासे शेजारणीकडे विकायला द्यायची आणि घरात जाळ्याची गाठ सोडवत बसायची.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बघणारो आधी माझ्या तोंडाक बघता, मगे खाली बघता. आणि मगे हसता. तां हसणा माका कळता गो. मी काय बाजारात आज बसलंय?"

मला कळायला वेळ लागला. तो पुतळा तिच्यासारखा नव्हता एवढंच नाही. त्या पुतळ्यामुळे ती स्वतः स्वतःची बिघडलेली नक्कल ठरली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओझं वाहून जे अंग तयार झालं त्याला कोणी हसलं नव्हतं. आता त्याच्यासमोर एक फायबरचं खोटं अंग उभं करून लोकांना हसायला जागा दिली होती.

गावात तक्रारी झाल्या, पण त्या वेगळ्याच. सरपंच माझ्या दुकानात आले. खुर्चीवर बसले, मशीनकडे बघत म्हणाले, "काकी, तुमी वायच एक ब्लाऊज शिवून देवा. लांब हाताचो. वरसून अंगभर पदर घेवया. देवीक नेसवतत ना, तसा."

"कोणाक?"

"पुतळ्याक हो. बायलमाणूस आसा, बरा दिसणा नाय."

"मगे पास करताना कोणाक दाखवल्यात? माका दाखवल्यात? वैनीक दाखवल्यात?"

"तेव्हा लक्षात नाय इला."

"लक्षात बरोबर इला हुता तुमच्या. म्हणानच पास केल्यात."

ते उठले. जाताना म्हणाले की बायकांनीच बायकांची अब्रू सांभाळली पाहिजे. मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं. यांना वाटतं वाईट काय ते उघडं अंग. वैनी पडवीत पोट उघडं टाकून बसली होती, त्यात काही वाईट नव्हतं. वाईट होतं ते खोटं अंग, आणि त्यावर ब्लाऊज चढवला तर ते झाकलेलं खोटं अंग झालं असतं. शिवाय शिवणार मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेप घेऊन जेटीवर गेले, चौथऱ्यावर चढले आणि पुतळ्याची मापं घेतली. बघणाऱ्यांना वाटलं मी ब्लाऊजचंच माप घेते आहे. "पाठ उघडी ठेव गो," एक जण म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, तो गेला. छाती अडतीस, कंबर तेवीस. सव्वीस वर्षांच्या माझ्या वह्यांत असं एकही अंग नाही. लग्नातल्या नवऱ्यामुलींचंही नाही.

मापाची वही आणि वैनी, दोघींना घेऊन मी कुडाळची एसटी पकडली. पुतळेवाल्याची शेड रेल्वे स्टेशनच्या बाजूला. आत अर्धवट महापुरुष उभे होते, सगळ्यांच्या छात्या एकसारख्या. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, ह्या बाईचं माप हे, तुम्ही केलेलं हे. कुठून आणलंत?

तो सौम्यपणे बोलला, त्याचा मला जास्त राग आला. "काकी, कलेत शरीर जसंच्या तसं नसतं. आदर्श शरीर आठ डोकी उंच धरतात. पाहणाऱ्याला एक लय दिसली पाहिजे."

मी तिथेच टेप काढून वैनीचं डोकं मोजलं, मग उंची. "साडेसहा भरतात. उरलेलं दीड डोकं कोणाचं? आणि लय म्हणता, तर पस्तीस किलो डोक्यावर घेऊन चालताना हिची लय तुम्ही बघितली नाहीत? कंबर अशी मोडून उभी राहिली तर टोपली पाण्यात जाईल आणि मागून ही."

तो जरा हसला. "खरं अंग केलं असतं तर समितीनं परत पाठवलं असतं. चेहरा मी माझ्या मनासारखा केला. अंग त्यांच्या."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मला अडाणी माणसाचा राग येत नाही, ह्याचा आला. मी म्हटलं, नवीन अंग करा. तो साच्याचं सांगू लागला, मी पोट भरून घ्या म्हणाले, खांदा उतरवा म्हणाले, वहीतले आकडे वाचू लागले. आमचं असं चाललं असताना वैनी मध्ये बोलली. इतका वेळ ती एका सिमेंटच्या गोणीवर बसली होती.

"झिला, तां काय्येक नको. माझा तेवढा तोंड काढ."

मग मीच आधी बोलले. "वैनी, असा कसा? तोंडच तर एक खरा आसा. तां काढलंस तर..."

"तुका माप बरोबर होया," ती म्हणाली. "माका बाजारात बसूक होया. माझा अंग जेटीवर उभा करून लोकांक शाणे करूचा माका नाय. तू कर, तुझा अंग देवन."

मी वही मिटली.

पुतळेवाल्याचा आवाज बदलला. "काकी, मी आजवर केलेल्यातला हा सगळ्यात चांगला चेहरा आहे."

"माका ठावक आसा. म्हणानच काढ. वायट केल्लो असतस तर कोणी ओळखला नसता."

चार दिवसांनी तो ग्राइंडर घेऊन जेटीवर आला. सरपंचांनी विरोध केला नाही. ब्लाऊजपेक्षा हे स्वस्तात सुटत होतं. तोंड घासायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. आधी ओठ गेला, मग तीळ, मग डोळ्यांच्या कडा. पांढरी पूड उडत होती, त्यानं तोंडाला फडकं बांधलं होतं. वैनी समोर उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मी बघू शकले नाही, मी समुद्राकडे तोंड केलं. त्यावर त्यानं पुट्टी भरून एक गोड, गुळगुळीत चेहरा चढवला. तो आता त्या अंगाला शोभतो. लोक अजून फोटो काढतात.

त्या दिवशी घासून झाल्यावर, पुट्टी भरायच्या आधी, त्यानं विचारलं, "बघा काकी, आता चालेल?"

वैनीनं मान वर करून नीट बघितलं. "माका कित्या इचारतस? माझा काय आसा तेच्यात?" असं म्हणून तिनं पदर खोचला. "चल गो. बोटी लागल्यात, बांगडो संपात." आणि टोपली उचलायला जेटीच्या टोकाकडे निघाली, डावा खांदा खाली टाकून, झपझप.