भवानीचे पैसे
करवंदांचा वास आला की मला खंडाळ्याचं स्टेशन आठवतं. वडिलांच्या पोटाचं अचानक ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा आईनं सावकाराकडून व्याजानं पैसे उचलले आणि ते फेडायला ती वाडीतल्या बायकांबरोबर गाड्यांवर करवंदं विकू लागली. एके सकाळी पहिली गाडी सुटताच त्या सगळ्या जणींनी आपापली भवानी आईच्या ओच्यात टाकली. दिवसातल्या पहिल्या विक्रीचे ते पैसे कुणी नवऱ्याच्या हातावरही ठेवत नसे. आई घाबरली, तशी एक म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, ह्याला बरकत आसती." मी त्यांच्या जांभळ्या बोटांकडे बघतच राहिले. करवंदं संपेपर्यंत रोज हेच चाललं आणि कर्ज फिटलं. अजूनही मी बाजारात भल्या सकाळीच जाते, कुणाची तरी भवानी करायला.